मुंडक्याला विचारा

माशी मुंडक्याच्या नाकावर बसली, तेव्हा जत्रेचे तिघे पंच बोलता बोलता थांबले.

मुंडकं टेबलावर होतं. पितळी परातीत. मानेभोवती ओलं कुंकू. टेबलाखाली आरपार मोकळं दिसत होतं, कारण तिथं आरसे लावलेले होते आणि आरशांमागं उरलेली सगळी राजूबाई उकिडवी बसली होती. अख्ख्या भालकी गावाला हे ठाऊक होतं. पण राजूबाई बाजारात वांगी घेत असली की राजूबाई, आणि परातीत असली की मुंडकेबाई. मुंडकेबाईला हात नसतात. म्हणून नरहरराव हेडमास्तर स्वतः पुढं झाले आणि त्यांनी फार अदबीनं, आपल्या फायलीनं, माशी हाकलली.

"मेहेरबानी," मुंडकं म्हणालं.

राजूबाईचा नवरा हरिबा तंबूच्या खांबाला धरून उभा होता. बावीस वर्षं 'बोलतं मुंडकं' हा खेळ त्यानं या मैदानात चालवला. आज तो राहणार की जाणार, ते ठरणार होतं.

"राग मानू नकोस, हरिबा," नरहरराव म्हणाले. "मैदान आहे तेवढंच. सोलापूरहून इंजनावर फिरणारा पाळणा आलाय, त्याला जागा हवी. काल तुझ्याकडं किती माणसं आली?"

"चार."

"त्यातला एक मी," कापडवाले गुरुशांतप्पा म्हणाले. पंचांमधलं सगळ्यात सडेतोड तोंड त्यांचं. "सावलीला बसलो हुतो."

"पण अण्णा, सगळ्यात जुना खेळ हाय की वो माझा!"

"जुना हाय म्हणूनच की! मुंडकं तेच, परात तीच, बोलणं तेच. तंबूला बघ किती भोकं पडलीत. पाळण्यात बसलं की पोटात गोळा उठतोय म्हणं. लोकांना आता गोळा पाहिजे. अरे, निजाम गेला! तुझं मुंडकं कामून राहावं?"

निजामाचं नाव निघालं तसा हरिबा खांबाला आणखी बिलगला.

पण एक अडचण होती. पहिल्याच वर्षी पाटलांचा चोरीला गेलेला बैल या मुंडक्यानं शोधून दिला होता. चोर त्याच्यासमोर उभं राहूनच सगळं बोलले होते. ज्याला धड नाही त्याला कान कुठले, असं त्यांना वाटलं! तेव्हापासून रिवाज पडला. जत्रेत काही अडलं की मुंडक्यापुढं नारळ ठेवायचा आणि विचारायचं. कुस्त्यांचा आखाडा कुठं, तमाशाचा फड किती लांब, सगळं मुंडकं सांगायचं. त्याला विचारल्याशिवाय पंचांनी बावीस वर्षांत एक खुंटीसुद्धा ठोकली नव्हती.

"म्हणजे मुंडकं बंद करायचं का, हेही मुंडक्यालाच विचारायचं?" तिसरे पंच भगवानराव म्हणाले. ते शेतकरी होते आणि सकाळपासून पहिल्यांदाच बोलत होते. "न्हाई, औंदा दुसऱ्या कुणाला तरी विचारू."

"दुसऱ्या कुणाला?" नरहररावांनी विचारलं.

"ते मुंडक्याला विचारू की."

शेवटी नारळ आला.

हरिबाच्या जिवात जीव आला. त्यानं पहाटेच राजूबाईकडून चारदा घोकून घेतलं होतं. 'तंबू हलवला तर गावात पटकी येईल,' एवढंच म्हणायचं. पटकीला पंच टरकून होते. गुरुशांतप्पा तर पटकीचं नाव काढलं तरी हात धुवायचे.

"मुंडकेबाई," नरहररावांनी घसा साफ केला, "हा खेळ ठेवावा की बंद करावा?"

हरिबा खोकला. आठवण म्हणून.

मुंडक्यानं डोळे मिटले. उघडले.

"बंद करा."

हरिबा खांबाला धरून घसरत घसरत खाली बसला.

"काय म्हणायलाव?" गुरुशांतप्पांनी कानामागं हात धरला.

"बंद करा म्हणलं. आजच्या आज. पाळण्याला जागा द्या."

मग नरहररावांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"सरकार बदललं, अंमलदार बदलले," ते म्हणाले, आणि त्यांनी त्या टोपीनंच डोळे पुसले, "पण आपल्याच पोटावर पाय देऊन खरं बोलणारं तोंड मी आजवर पाहिलं नव्हतं."

"त्याला पोट कुठं हाय?" गुरुशांतप्पा ओरडले. "म्हणूनच तर खरं बोललं! आणि असलं मुंडकं बंद करायला निघालो व्हय आपण?"

ठराव तिथंच, परातीच्या कडेला कागद टेकवून लिहिला गेला. बोलतं मुंडकं चंद्र-सूर्य असेपर्यंत जागेवरून हलणार नाही. पाळण्याचं पुढच्या वर्षी बघू. तिन्ही पंचांनी सह्या केल्या, मुंडक्याला हात जोडले आणि बाहेर जाऊन ज्याला त्याला सांगितलं. दुपारपर्यंत तंबूपुढची रांग थेट मोटारस्टँडापर्यंत गेली. उदगीरच्या मोटारीतून उतरलेली माणसं सामानासकट रांगेत उभी राहिली.

हरिबा एकटाच नाचत आत आला. त्यानं कुंकवाची वाटी घेतली आणि बायकोच्या मानेभोवती नवा लेप लावायला बसला.

"राजू, अगं काय बोललीस गं! मी आपला पटकी पटकी करायलो, आणि तू तर पंचांना रडवलीस! हे सुचलं कसं तुला?"

राजूबाई समोरच्या भोकाकडं बघत होती. त्यातून जत्रेचा रुपयाएवढा तुकडा दिसत होता.

"सुचलं न्हाई काही," ती म्हणाली. "मी खरंच सांगितलं हुतं वो. बावीस वर्षं झाली जत्रेत येऊन, अजून जत्रा बघितली न्हाई मी."