उंबऱ्यावरचं पाणी

"आक्का, टाइल कापून झाल्या. आता हा उंबरा कापू ना?" मिस्त्रीने कटर हातात धरून तिसऱ्यांदा विचारलं.

गोदाक्का नुसत्या आतबाहेर करत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी रोज या दगडी उंबऱ्यावर पाणी घालून हळदकुंकू वाहिलं होतं. आणि लकवा झालेल्या यजमानांची चाकाची खुर्ची त्याच्याच पायी वर्षभर दारातच अडत होती.

"राहू दे गं," यजमान आतून हसले. "मला कुठं जत्रेला जायचंय?"

"पारापर्यंत तरी जाल!" त्या फणकारल्या.

"दगड कापताना पातं तापतं, त्यावर पाणी सोडायला कुणीतरी लागंल," मिस्त्री म्हणाला.

गोदाक्कांनी पूजेचा तांब्या भरून आणला. उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि रोजच्यासारखीच बारीक धार धरली.

"हं, चालवा आता."