मधली जागा

"जरा सरक ना, मी कडेला लटकतोय," इंद्रनील सकाळी उठता उठता कुरकुरला. स्नेहलताचाही एक पाय पलंगाबाहेरच होता.

लॉकडाऊनमध्ये परदेशात, ओंगार उपनगरातल्या या घरात अडकल्यावर त्यांच्या लेकीची, कौमुदीची झोप उडाली, तेव्हापासून ती दोघांच्या मधे झोपायची. पुष्कळ मनधरण्या आणि चॉकलेटांची लाच झाल्यावर, आता आठव्या वर्षी, ती कुठे आपल्या खोलीत एकटी झोपू लागली होती.

मधली जागा मात्र रोज सकाळी कोमट असायची. चादरीत लहानसा खळगा, उशीवर डोक्याएवढा दाब. स्नेहलता ओटा पुसावा तसा हात फिरवून चादर सारखी करायची. इंद्रनील तेवढ्यात खिडकीतून बघत हवेबद्दल काहीतरी बोलायचा. पोरीच्या कानावर गेलं तर पुन्हा तिची झोप जाईल, म्हणून दोघंही गप्प.

आज कौमुदी गणवेश घालून दारात उभी होती.

"झोप लागली ना गं?" स्नेहलतानं विचारलं.

"ग्रँड," इथली पोरं 'मस्त'ला म्हणतात तसं ती म्हणाली. एरवी ती इंग्रजीतच बोलायची. मग पलंगाच्या मधोमध बघत, कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं, हळूच मराठीत म्हणाली, "आई, आता त्यालाही वेगळी खोली द्या ना."