भिंतीलगतचा कंद

टण्ण! छपरावरच्या वितळत्या बर्फाचा थेंब पत्र्याच्या बादलीत वाजला, आणि मी खुरपं घेऊन टोरांटोच्या आमच्या अंगणात उतरले. मागून चार वर्षांची शाल्मली आलीच.

गेल्या उन्हाळ्यात आईने कोकणातून अळूचे कंद आणून इथे लावले होते. "जमिनीतच राहू देत, आपोआप फुटतात," म्हणाली. इथली जमीन गोठते, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही. ती परत गेली आणि पौषात वारली.

मी उकरलं, तर सगळे कंद लिबलिबीत.

"ई, शेंबूड!" शाल्मली ओरडली.

पण मी उकरतच राहिले. भिंतीलगत एक टणक लागला.

"ह्याला मी मरू देणार नाही. घरात, उबेत ठेवू, म्हणजे जगेल."

"मग आजीला का नाही ठेवून घेतलं आपण?"