नाक्याअलीकडची बाभूळ

कापसाच्या गाठींचा ट्रक चालवायचा शालिग्राम, पण लायसन होतं म्हाताऱ्या भगवानरावांचं. त्यांना आता समोरचा बैलही नीट दिसत नसे. मलकापूरचा नाका जवळ आला, की अलीकडच्या बाभळीखाली दोघं जागा बदलत. नाक्यापुरतं स्टेअरिंग भगवानराव धरत अन् क्लीनर झालेला शालिग्राम बाजूनं "जरा डाव्या अंगाले घ्या" असं पुटपुटत राही. बारा वर्षं असंच चाललं.

"लायसन काढून घे बे. मी काय जलमभर पुरतो तुले?"

"बुलढान्याले खेटे कोन घालीन? तुमचं हाये ना!"

दिवाळीच्या तोंडावर भगवानराव गेले. मालक म्हणाला, "लायसन आण, नाही तं चावी ठेव."

शालिग्रामनं मुकाट्यानं तीन खेटे घातले, फोटो काढला, सही गिरवली. आलेलं लायसन अंबूबाईनं देवापुढं ठेवलं, नवऱ्याला पेढा भरवला. त्याला तो गोडही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी लायसन खिशात घालून तो एकटाच निघाला. बाभळीखाली ट्रक थांबवला, सरकून क्लीनरच्या जागेवर बसला अन् म्हणाला, "या, भगवानराव. नाका आला."