टेकडीवरची खाच

"ही टेकडी दाढी न केल्यासारखी का दिसतेय?" साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन म्हणाले. "रेषा गुळगुळीत करा की!"

पडद्यावर तिच्या गावची टेकडी होती. उंचीच्या रेषा एकीवर एक चढत गेल्या होत्या आणि प्रत्येकीला एकाच जागी बारीकशी खाच पडली होती. हा नकाशा तिने हट्टाने मागून घेतला होता. गाव सुटून वर्षं लोटली होती, निदान पडद्यावर तरी घर दिसेल म्हणून.

"ओढा असेल तर निळा दाखवा, नसेल तर खाचा पुसून टाका," म्हणत साहेब पुढच्या टेबलाकडे वळले.

खाचा माथ्यावरून थेट तिच्या घराच्या मागच्या दाराशी उतरत होत्या. तिथे ओढा कधीच नव्हता.

बाबांना विचारावं, तर तिने लावलेला फोन कधी लागायचाच नाही. रोज संध्याकाळी तेच फोन करायचे, धापा टाकत, घाईघाईत. "घरातच आहे, पंख्याखाली. बरी आहेस ना? ठेवतो." त्यांचं मन मोडून ती नोकरीसाठी निघून आली होती. तो राग अजून गेलेला नाही, जिवावर आल्यासारखे दोन शब्द बोलतात, अशी तिची खात्रीच झाली होती. त्यांनी एकदा तरी पोटभर बोलावं म्हणून तिचा जीव तुटायचा.

तिने शेजारच्या गावातल्या आत्याला फोन लावला. "आत्या, आमच्या घरामागे ओढा झालाय का गं?"

"ओढा कुठला? तुझ्या बापाची पायवाट ती! पावसाने आणखी खचलीय. घरात रेंज येत नाही, मग रोज वर चढतो तुला फोन करायला. गुडघे कुरकुरतात, पण ऐकेल तर शपथ. आणि तुला सांगायचं नाही, अशी मला तंबी!"

मग खाचा तशाच ठेवून तिने त्यांच्यावरून पायवाटेची तुटक रेषा ओढली.

संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे वारा घोंगावत होता.

"घरातच आहे, पंख्याखाली," बाबा धापा टाकत म्हणाले. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. बाबा, आधी एखाद्या दगडावर टेका. जरा दम खा, मग बोलू."