हाताला घाबरणारा पोपट

“याला आजवर बोटही लावलेलं नाही हो,” मालशे दुखावल्या सुरात म्हणाले. पोपटाला शिकवताना शिक्षा करायची नाही, फक्त बक्षीस द्यायचं, हे तत्त्व त्यांनी प्रशिक्षक बाईंनाच चहाबरोबर समजावून सांगितलं.

बाईंनी सूर्यफुलाचं बी पुढे केलं. पोपट ऐटीत त्यांच्या हातावर आला. मग मालशेंनी हात उचलला, तेव्हा तो उडून पिंजऱ्यात शिरला आणि कोपऱ्यात थरथरू लागला.

“मार खाल्लेला किंवा मार बघितलेला पक्षी असं करतो,” बाई म्हणाल्या.

“काहीतरीच काय! पिल्लू होता तेव्हापासून इथंच आहे. या घरात त्याच्यावर कोणी हात उगारलेला नाही. विचारा हिला.”

कपबशा गोळा करणारी त्यांची बायको थांबली. बोलायची परवानगी तिला क्वचितच मिळे. ती शांतपणे म्हणाली, “त्याच्यावर कधीच नाही.”