चढावरचा हात

फेरीबोटीवरच्या तिकीटवाल्याने सायकल ओळखली. "नर्सबाय कुठं?"

"घरी आहे," ती म्हणाली.

आईला जाऊन बारा दिवस झाले होते आणि ते तिने अजून एकदाही तोंडाने उच्चारलं नव्हतं. नातेवाइकांना सगळे फोन मामाने केले. बेटावरच्या लोकांना मात्र तिनेच सांगायचं होतं आणि आईची सायकल आरोग्य उपकेंद्रात परत द्यायची होती.

टेकडीचा चढ लागला. आई इथे कधी उतरत नसे, म्हणून तीही उतरली नाही. पाय फिरत होते. ते आपले आहेत असं मात्र वाटत नव्हतं. अर्ध्यावर सायकल एकदम हलकी झाली. नर्सबाई चढावर दिसल्या की मागून कॅरिअरला हात लावायचा, ही बेटावरची रीत तिने आईकडून ऐकली होती. रस्त्यावर पुढे मागून ढकलणाऱ्या बाईची सावली पडली होती. डोक्यावर पाटी, पाटीला सावरणारा एक हात. माशांचा वास आला.

"नर्सबाय, ड्रेस घालून तरुण झालात, पण पाय म्हातारेच वो!" मागून एक म्हातारी खदखदली.

"मी त्यांची मुलगी," ती समोर बघतच म्हणाली. "आई गेली."

हसणं थांबलं. आता हात निघेल, असं वाटून तिने एक पाय खाली सोडला.

"पाय नको टेकूस, बाय," म्हातारी म्हणाली. "चढ आहे अजून."

सावलीतला पाटीवरचा हातही खाली येऊन कॅरिअरला लागला आणि सायकल वर निघाली.